सल्लागार कोण आणि त्याला जाब विचारणारा कोण?

नागपूरच्या लकडगंजात सागवानाचा व्यवहार तोंडी भरवशावर होत नाही. बल्लारशा, आलापल्लीच्या बाजूने आलेला ओंडका आरामशीनच्या आवारात उतरला की त्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याची खूण आहे का, हे आधी पाहतात. शेजारी रंगाने घातलेला क्रमांक असतो, लांबी आणि गोलाईचे आकडे असतात. गाडीबरोबर वाहतूक परवाना असतो, त्याला बाजारात सगळे ‘टीपी’ म्हणतात. खूण आणि टीपी यांचा मेळ बसला नाही, तर ओंडका कितीही सरळ आणि बिनगाठीचा असो, जाणता व्यापारी त्याला हात लावत नाही. असा माल पकडला गेला तर लाकूड तर जातेच, वर वन विभागाची चौकशी मागे लागते.

आता याच वस्तीतला पैसा पाहा. आरामशीन मोडून आलेली रक्कम, छाप्रूनगरातल्या निवृत्त शिक्षिकेची ग्रॅच्युइटी, वर्धमाननगरातल्या दुकानदाराने मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले दहा लाख. हा पैसा कुणा ‘गुंतवणूक सल्लागारा’च्या स्वाधीन करताना मात्र कागद मागायला संकोच वाटतो. ‘कोणाच्या ओळखीचा आहे?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. साडूने पैसे ठेवले, त्याला वेळेवर व्याज आले, माणूस समाजाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसतो, झाली चौकशी. मला या संकोचाबद्दलच लिहायचे आहे, कारण ओळख म्हणजे चौकशी नव्हे. खरी चौकशी करण्याची सोय आज मोबाइलवर आहे. पण ती चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी सल्लागाराची एकेकच बाजू दिसते. त्या बाजू एकत्र मांडून पाहण्याचे काम आपल्यासाठी दुसरे कुणी करत नाही.

नागपूरने या संकोचाची किंमत मोजलेली आहे. २०१३ साली श्रीसूर्या आणि २०१४ साली वासनकर वेल्थ मॅनेजमेंट ही प्रकरणे उघड झाली, तेव्हा शहरातल्या घराघरांत दुसरा विषय नव्हता. दोन्हीकडे आरोप सारखाच होता: मोठ्या परताव्याचे आश्वासन देऊन पैसे घेतले आणि मुदत संपल्यावर ते परत केले नाहीत. अटका झाल्या, खटले उभे राहिले. पैसे गुंतलेल्यांत शिकलेला, निवृत्तीला आलेला मध्यमवर्ग मोठ्या संख्येने होता. म्हणजे अडचण साक्षरतेची नव्हती. कंपनीच्या नावात ‘इन्व्हेस्टमेंट’ किंवा ‘वेल्थ मॅनेजमेंट’ हे शब्द असले म्हणून तिच्याकडे कोणता परवाना आहे, पैसे गोळा करण्याचा अधिकार आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. ते वेगळे विचारावे लागते.

आणि फसगत काही घरगुती गुंतवणूकदाराचीच होते असेही नाही. २००२ साली होम ट्रेड प्रकरणात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे शंभर कोटींहून अधिक रुपये गेले. शेतकऱ्यांची बँक, तिने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. या खटल्यात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह काही जणांना शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी. केदार यांनी त्याविरुद्ध अपील केले. संचालक मंडळ, लेखापरीक्षक, सहकार खाते एवढा सगळा जामानिमा असलेल्या बँकेची ही गत झाली.

विमा विकणारा, म्युच्युअल फंडाचे फॉर्म भरून घेणारा, पोस्टाची आरडी गोळा करणारी आणि फी घेऊन आर्थिक आराखडा करून देणारा या सगळ्यांना आपण ‘एजंट’ नाही तर ‘सल्लागार’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र ही निरनिराळी माणसे आहेत आणि त्यांना जाब विचारणारेही निरनिराळे आहेत. विमा प्रतिनिधी विमा कंपनीशी बांधलेला असतो आणि त्यावर ‘इर्डाई’ची देखरेख असते. म्युच्युअल फंडाच्या वितरकाकडे ‘एआरएन’ म्हणजे अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेचा नोंदणी क्रमांक असतो. त्यासाठी त्याला एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते आणि त्याचे उत्पन्न फंड कंपनीकडून येणाऱ्या कमिशनचे असते. तिसरा प्रकार म्हणजे ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, तो फी तुमच्याकडून घेतो आणि ज्याला सल्ला देतो त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर त्याला कमिशन घेता येत नाही.

हा तिसरा प्रकार २०१३ च्या सेबी (गुंतवणूक सल्लागार) विनियमांनी जन्माला घातला. २०२० मध्ये ते नियम आवळले गेले आणि एक महत्त्वाची गोष्ट ठरली: जो नुसता वितरक आहे त्याने स्वतःला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’ किंवा ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ म्हणवून घ्यायचे नाही. तरीही पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डांवर हे शब्द अजून दिसतात. असे कार्ड हाती आले तर त्यावर ‘आयएनए’ने सुरू होणारा क्रमांक आहे का, एवढे पाहावे. क्रमांक नसेल तर त्या माणसाने व्यवसायाची सुरुवातच एक नियम मोडून केली आहे.

देशात असे नोंदणीकृत सल्लागार किती असावेत? एक हजाराच्या आसपास. डीमॅट खाती वीस कोटींच्या घरात पोहोचलेल्या देशात ही संख्या अगदीच तोकडी आहे. एआरएनधारक लाखाहून अधिक आहेत. त्यामुळे लकडगंजात किंवा इतवारीत राहणाऱ्याला गाठ पडणार ती बहुधा वितरकाशीच, आणि त्यात वाईट काही नाही. मला असे वितरक माहीत आहेत की ज्यांनी बाजार कोसळल्यावर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसून त्याची एसआयपी मोडू दिली नाही. कमिशन घेणे हा दोष नाही, ते लपवणे हा दोष आहे. आणि ते लपवायला आता जागाही फारशी उरलेली नाही. म्युच्युअल फंडात पैसे असणाऱ्याला वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेरचे, एकत्रित खातेपत्रक येते. बहुतेक जण त्यातली एकूण रक्कम पाहून ते बंद करतात. थोडे पुढे जा. प्रत्येक योजनेसमोर त्या सहा महिन्यांत वितरकाला किती कमिशन मिळाले, हा आकडा टक्क्यांत नाही, रुपयांत छापलेला असतो. तुमच्या दहा लाखांवर त्याला वर्षाला समजा आठ हजार रुपये मिळत असतील, तर त्या आठ हजारांत तो काय सेवा देतो हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि तो मोकळेपणाने उत्तर देतो की विषय बदलतो, यातून त्याच्याबद्दल पुष्कळ कळते.

या सगळ्यांच्या वर एक चौथे बिरुद असते, ‘सीएफपी’, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेत शिकागोला तेरा जण जमले. विमा आणि फंड विकण्यापलीकडे, कुटुंबाच्या पूर्ण आर्थिक आयुष्याचा आराखडा करून देणारा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १९७३ मध्ये पहिल्या ४२ जणांची तुकडी हे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली. आज अमेरिकेबाहेरच्या देशांत हे बिरुद एफपीएसबी ही संस्था चालवते. तिचे मुख्यालय डेन्व्हरला आहे आणि भारतात तिची शाखा आहे. आपल्याकडे सीएफपीधारक तीन हजारांच्या आसपास आहेत. शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि नीतिमत्ता हे त्याचे चार खांब मानले जातात. नीतिसंहितेत आठ तत्त्वे आहेत आणि त्यांतले पहिले ग्राहकाचे हित आधी हे. पुढे सचोटी, वस्तुनिष्ठता, न्याय्य वागणूक, व्यावसायिकता, सक्षमता, गोपनीयता आणि तत्परता.

तत्त्वे उत्तमच आहेत. पण ती मोडली तर काय होते? सीएफपी हे मुळात एक नोंदलेले चिन्ह आहे. ते देणारी संस्था समज देऊ शकते, जाहीर ठपका ठेवू शकते, प्रमाणपत्र काही काळ थांबवू शकते आणि शेवटी काढून घेऊ शकते. तिच्या हातातले सर्वांत मोठे शस्त्र एवढेच. गेलेले पैसे ती परत आणू शकत नाही, कुणाला अटक करू शकत नाही, बँक खाते गोठवू शकत नाही. शिवाय भारतात सीएफपी ही पात्रता आहे, परवाना नाही. फी घेऊन शेअर आणि फंडांबाबत सल्ला द्यायचा असेल तर सीएफपीधारकालाही सेबीकडे नोंदणी करावीच लागते.

अशा संस्थेला आपल्या सभासदांचा इतिहास कितपत माहीत असतो, याचे अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. तिथला सीएफपी बोर्ड प्रवेशाच्या वेळी पार्श्वभूमी तपासतो. त्याचे नियम कडक आहेत: चोरी, अपहार, करचोरी अशा आर्थिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला दार कायमचे बंद. बोर्डाचे एक संकेतस्थळही आहे, जिथे सामान्य माणूस आपल्या गावातला प्लॅनर शोधू शकतो. २०१९ च्या जुलैमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने त्या संकेतस्थळावरची सुमारे ७२ हजार नावे दलालांच्या सरकारमान्य नियामक संस्थेच्या, म्हणजे ‘फिन्रा’च्या, नोंदींशी ताडून पाहिली. ६,३०० हून अधिक प्लॅनरांच्या नावावर ग्राहकांच्या तक्रारी, नियामकांची कारवाई किंवा गुन्ह्यांसारख्या नोंदी होत्या आणि बोर्डाच्या पानावर त्यांचा मागमूस नव्हता. त्या नोंदी गुप्त नव्हत्या. फिन्राच्या ‘ब्रोकरचेक’वर कुणालाही फुकट दिसत होत्या. बोर्ड मोठ्या प्रमाणात सभासदाने स्वतः दिलेल्या माहितीवर अवलंबून होता आणि ज्याला लपवायचे आहे तो स्वतःहून कशाला सांगेल? या बातमीनंतर बोर्डाने चौकशी गट नेमला आणि प्रत्येक प्लॅनरच्या पानावर ब्रोकरचेक आणि तिथल्या शेअर बाजार आयोगाच्या नोंदींचे दुवे दिले.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले न्यू जर्सी, टेक्सासला आहेत, त्यांनी हे दोन्ही दुवे जरूर वापरावेत. पण नागपुरात बसून यातून घ्यायचे ते वेगळे आहे. जी संस्था बिरुद देते तिचे उत्पन्न बिरुदधारकांच्या फीवर चालते आणि ती त्याच बिरुदाची जाहिरातही करते. तीच संस्था आपल्या सभासदांचे वाभाडे स्वतःहून काढील, ही अपेक्षा ठेवून चालत नाही.

मग सेबी काय पाहते? नोंदणी देताना अर्जदार ‘योग्य आणि पात्र व्यक्ती’ आहे का, हा निकष लावला जातो. तो २००८ च्या मध्यस्थांविषयीच्या विनियमांत आहे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची फेररचना झाली. सचोटी, प्रामाणिकपणा, लौकिक हे शब्द तर त्यात आहेतच, पण शब्दांपेक्षा महत्त्वाची आहेत ती ठोस कारणे: आर्थिक गुन्ह्यात तपास यंत्रणेने आरोपपत्र दाखल केलेले असणे, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे, दिवाळखोर ठरलेले असणे, बाजारातून बंदी असणे. आरोपपत्राचा मुद्दा लक्षात घ्या. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे ठरवले तर होम ट्रेडसारख्या प्रकरणात एकवीस वर्षे थांबावे लागले असते.

नोंदणी झाल्यावर रोजच्या देखरेखीचे काम सेबीने बीएसईकडे सोपवले आहे. सल्लागाराने ग्राहकाशी लेखी करार करायचा, ग्राहकाची जोखीम सोसण्याची ताकद आधी तपासायची, कोणता सल्ला कशाच्या आधारे दिला त्याच्या नोंदी पाच वर्षे सांभाळायच्या, दरवर्षी नियमपालनाचे ऑडिट करून घ्यायचे. फीलाही मर्यादा आहे. ठरावीक फी घेतली तर ती एका कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये. सल्ल्याखालच्या रकमेच्या टक्केवारीने घेतली तर अडीच टक्क्यांपर्यंत. फी रोखीने घ्यायची नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट: सल्लागार तुमचे गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतच नाही. ते तुमच्या बँकेतून थेट फंडाकडे किंवा ब्रोकरकडे जातात. ‘माझ्या खात्यात टाका, मी सगळ्यांचे एकत्र लावतो’ असे म्हणणारा माणूस नोंदणीकृत असो वा नसो, तिथेच थांबावे.

नोंदणी म्हणजे चांगुलपणाची हमी मात्र नव्हे, आणि हे सेबीच सल्लागाराला आपल्या जाहिरातीत लिहायला लावते: नोंदणी, सदस्यत्व किंवा परीक्षेचे प्रमाणपत्र यांमुळे कामगिरीची वा परताव्याची कोणतीही हमी मिळत नाही. हे वाक्य बारीक अक्षरांत असते म्हणून कुणी वाचत नाही. आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये नोंदणीकृत सल्लागार कंपन्यांचे पेव फुटले होते. फोनवर फोन करून ‘पॅकेज’ गळ्यात मारायचे, अवास्तव नफ्याचे आश्वासन द्यायचे, तोटा झाला की तो भरून काढण्यासाठी आणखी मोठे पॅकेज विकायचे, अशा तक्रारींवरून त्यांतल्या कित्येक कंपन्यांविरुद्ध सेबीने आदेश काढले. नोंदणी क्रमांक खरा होता, वागणूक खोटी होती. म्हणून क्रमांक सापडला की चौकशी संपत नाही.

ती पुढे कशी न्यायची, ते प्रत्यक्षच सांगतो. सेबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, त्यात गुंतवणूक सल्लागारांचा वेगळा विभाग आहे. नाव किंवा क्रमांक टाकला की एक साधा तक्ता उघडतो: नाव, नोंदणी क्रमांक, ईमेल, पत्ता, संपर्क व्यक्ती, वैधता. आता तुमच्या हातातले कार्ड त्या तक्त्याशेजारी धरा. नाव जुळते, पण ईमेल वेगळा आहे का? पत्ता सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा छापलाय आणि नोंदीत दुसऱ्याच शहराचा आहे का? खऱ्या सल्लागाराचा क्रमांक चोरून व्हॉट्सअ‍ॅपवर दुकान मांडणारे पुष्कळ आहेत आणि ते पकडले जातात ते या तपशिलांत. मग त्याच संकेतस्थळावर सेबीच्या आदेशांच्या विभागात जाऊन तेच नाव शोधा. माणसाचे, कंपनीचे आणि कंपनीच्या इतर संचालकांचेही. वितरक असेल तर अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर एआरएन टाकून तो चालू आहे की थांबवलेला, ते पाहा.

चौथी जागा फारसे कुणी वापरत नाही, ती म्हणजे न्यायालयांचे ई-कोर्ट्स हे संकेतस्थळ. जिल्हा न्यायालयाच्या विभागात नागपूर निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. नावे सारखी असतात, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये. वडिलांचे नाव, पत्ता ताडून पाहावा. पण ‘एमपीआयडी’ या ठेवीदार संरक्षणाच्या कायद्याखालचे किंवा धनादेश न वटल्याचे दहा खटले एकाच माणसाच्या नावावर दिसले, तर त्याला त्याबद्दल विचारायला हरकत काय? धनादेश न वटल्याचा एखादा खटला कुठल्याही व्यापाऱ्यावर असू शकतो. दहा असतील तर ती सवय आहे.

या चारही जागा पाहायला अर्धा तास पुरतो. पैसे पाठवताना आणखी एक सोय ऑक्टोबर २०२५ पासून झाली आहे. सेबीकडे नोंदलेल्या मध्यस्थांच्या यूपीआय पत्त्यात ‘@valid’च्या पुढे बँकेचे नाव येते आणि ‘सेबी चेक’ या सुविधेवर तो पत्ता किंवा खाते क्रमांक खरा आहे का, हे पैसे देण्याआधी तपासता येते.

अलीकडे धोका नव्या रूपात येतो आहे: सल्लागाराच्या नव्हे, शिक्षकाच्या. मराठीतून शेअर बाजार शिकवणाऱ्यांचा प्रेक्षक मोठा आहे आणि त्यांतल्या काहींनी खरेच लोकांना बाजाराची ओळख करून दिली. पण शिकवणे कुठे संपते आणि ‘हा शेअर आता घ्या’ हा सल्ला कुठे सुरू होतो, ती रेघ ओलांडली की नोंदणी लागते. पुण्याच्या रवींद्र बाळू भारती यांच्या संस्थेवर सेबीने २०२४ मध्ये विनानोंदणी सल्ला दिल्याबद्दल कारवाई केली आणि सुमारे साडेनऊ कोटी रुपये परत करायला सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये अवधूत साठे आणि त्यांच्या अकादमीविरुद्ध ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश निघाला. तो अंतरिम आदेश होता. या दोन्ही ठिकाणी आलेले लोक स्वतःला ग्राहक समजत नव्हते, विद्यार्थी समजत होते. सरांना परवाना कोण विचारणार? आपल्याकडे गुरूबद्दलचा आदर खोल आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. म्हणूनच त्याचा वापर पैसे उकळायला झाला की राग येतो.

लकडगंजातल्या घरांत येणारी आणखी एक व्यक्ती आहे, तिच्याबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील: पोस्टाची आरडी गोळा करणारी एजंट ताई. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली तिची नेमणूक होते आणि गोळा केलेल्या हप्त्यांवर तिला ४ टक्के कमिशन मिळते. उन्हातान्हात जिने चढून शंभर-दोनशेचे हप्ते जमा करणाऱ्या या बायकांनी कितीतरी कुटुंबांना बचतीची सवय लावली. या योजनेत पडताळणीची एक साधी पद्धत आहे. हप्ता घेतल्यावर एजंटने ठेवीदाराजवळच्या कार्डावर रक्कम, तारीख घालून सही करायची; पुढे तीच रक्कम पोस्टाच्या पासबुकात चढते. दोन कागद, दोन वेगळ्या हातांनी भरलेले. ते जुळले की पैसे पोहोचले. पण घरोघरी काय होते, तर पासबुक ताईंकडेच राहते, कारण ‘परत परत कुठे द्यायचे’. मग दुसरा कागदच हाती उरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक मागून कार्डाशी ताडून पाहिले, तर ताईंचा अपमान होत नाही. चोख काम करणाऱ्या बाईला उलट आपला हिशेब दाखवायला आवडते.

तक्रार करायची वेळ आली तर मार्ग कोणता, हे समोरचा माणूस कोणत्या नोंदवहीत आहे त्यावर ठरते. नोंदणीकृत सल्लागार असेल तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करायची, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’वर. तिथे २१ दिवसांत उत्तर यायला हवे. पटले नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि पुढे ऑनलाइन सलोखा व लवादाची सोय आहे. तक्रार घटनेपासून वर्षभरात करावी लागते, ही मुदत ध्यानात ठेवावी. ओळखीच्या माणसाला ‘अजून थोडे थांबू’ म्हणत वर्ष कधी उलटते ते कळत नाही.

समोरचा कुठेच नोंदलेला नसेल तर स्कोअर्सचा हा मार्गच बंद. मग पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजेच एमपीआयडी, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा. एमपीआयडीची ताकद मोठी आहे. सरकार ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता अधिसूचना काढून जप्त करू शकते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने ती विकून ठेवीदारांना प्रमाणात वाटली जाते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनएसईएल या वस्तू बाजाराच्या प्रकरणात या कायद्यातल्या ‘ठेवी’ची व्याप्ती रुंद धरली, हाही ठेवीदारांना मोठा आधार आहे. पण जप्ती, हरकती, मूल्यांकन, लिलाव या वाटेने वर्षेच्या वर्षे जातात आणि त्या काळात निवृत्त माणसाचे औषधपाणी थांबत नाही.

या वाटेवर उभे राहणाऱ्याकडून आधी मागतात ती कागदपत्रे: पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, कोणाच्या खात्यात गेले त्याचे बँकेचे विवरण, करार किंवा पावती, धनादेशाची प्रत, आश्वासन दिलेले संदेश. संदेश पुसून टाकू नयेत, फोन बदलताना जपून ठेवावेत. ज्यांनी बँकेतून पैसे दिले त्यांचा दावा त्यामानाने लवकर नोंदला जातो. ज्यांनी रोख रक्कम देऊन साध्या कागदावर सही घेतली, त्यांना आपण नेमके किती दिले होते, हेच आधी सिद्ध करत बसावे लागते.